हळदीची कॅप्सूल मेंदूपर्यंत पोचते का?

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा माझ्या जेवणाच्या टेबलावर चार डब्या ओळीने मांडल्या. एकीत हळदीचा अर्क, दुसरीत ब्राह्मी, तिसरीत द्राक्षाच्या सालीचा अर्क, आणि चौथीत हे सगळं मिळून वर आणखी सात-आठ वनस्पती. चारही डब्यांवर मेंदूचं चित्र. काका ७८ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात रानडे रोडला भाजी आणायला गेले आणि दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना दोन तास लागले. विचारलं तर म्हणाले, "कबुतरखान्याशी उभा होतो, कुठल्या बाजूला वळायचं तेच आठवेना." पन्नास वर्षं दादरला काढलेला माणूस.

"तू कॉलेजात हेच शिकवायचीस ना गं?" काकू म्हणाल्या. "हे दिलं तर ह्यांच्या मेंदूतली सूज उतरेल का?"

मी तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, तरी या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येईना. त्या दुपारी काकूंना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. अशा डब्या आता घरोघरी दिसतात, आणि विकत आणणारं माणूस आतून फार घाबरलेलं असतं.

आधी 'सूज' या शब्दापाशी थांबू. सूज म्हटलं की मुरगळलेला, टम्म फुगलेला पाय डोळ्यांसमोर येतो. इथे मेंदू तसा फुगलेला नसतो. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात त्याला आपल्याकडे 'दाह' हा जुना आणि जास्त नेमका शब्द आहे. बोट कापलं की ते लाल होतं, तापतं, सुजतं, ठणकतं. शरीराचे पहारेकरी तिथे जंतूंशी झुंजत असल्याची ती खूण. मेंदूतही असा दाह होतो, पण मेंदूच्या गाभ्यात वेदना कळवणारे मज्जातंतूच नाहीत. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं काही धुमसत राहिलं तरी माणसाला ठणका जाणवत नाही. जाणवतो तो परिणाम, आणि तोही उशिरा.

मेंदूचे पहारेकरी म्हणजे मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. मेंदूतल्या पेशींपैकी साधारण दहावा हिस्सा याच. आमच्या इमारतीत रात्री फाटकावर बसणारा माणूसच सकाळी जिने झाडतो, तसंच यांचं काम दुहेरी आहे. आपले बारीक हात-पाय पसरून त्या आजूबाजूचा परिसर सतत चाचपतात, मेलेल्या पेशी उचलतात, चेतापेशींमधले नको असलेले जोड छाटतात. धोका दिसला की रूप पालटतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे त्यांच्या हातातली काठी.

चोर आला, काठी फिरली, चोर पळाला, काठी खाली ठेवली, असं झालं तर काहीच बिघडत नाही. पण वाढतं वय, वर्षानुवर्षांचा मधुमेह, श्वासातून आत जाणारी बारीक धूळ, अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या, हे असे चोर आहेत की ते जातच नाहीत. मग काठीही थांबत नाही आणि फटके घरातल्यांनाच बसू लागतात, म्हणजे चेतापेशींना.

दाह हा आजाराचं कारण आहे की नुसता परिणाम, यावर बरीच वर्षं वाद झाला. २०१३ मध्ये एक महत्त्वाचा धागा हाती लागला. मायक्रोग्लियामध्ये काम करणाऱ्या ट्रेम-टू या जनुकात एक दुर्मीळ बदल असलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असतो, असं दिसून आलं. पहारेकऱ्यातच खोट असेल तर घर धोक्यात येतं, याचा हा चांगला पुरावा. पण लगेच उलट बाजूही सांगायला हवी. दाह कमी करणारी नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही खरीखुरी, जोरकस औषधं अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या लोकांना स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी देऊन पाहिली. उपयोग झाला नाही, आणि २००४ मध्ये ती औषधं देणं थांबवावं लागलं. दाह शमवला की विस्मरण टळलं, एवढं हे गणित सरळ नाही. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मला वाईट वाटलं, पण सगळ्या डब्यांचा पाया इथेच तपासायचा असतो.

आता डबीतल्या पदार्थाकडे येऊ. अर्क म्हणजे वनस्पतीतला हवा तो भाग अल्कोहोल, पाणी किंवा दुसऱ्या एखाद्या द्रावकात उतरवून दाट केलेला माल. घरच्या काढ्यापेक्षा तो कितीतरी तीव्र. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, कधी थोडं कमी, कधी जास्त. म्हणजे चहाचा सपाट चमचाभर हळदीत साधारण ९० मिलिग्रॅम. कॅप्सूलच्या अर्कात हेच प्रमाण बहुतेक वेळा ९५ टक्के असतं. म्हणून "आपण पिढ्यानपिढ्या हळद खातोच की, मग कॅप्सूलने काय होणार?" हे म्हणणं बरोबर नाही. पिढ्यानपिढ्या खाल्ली ती आमटीतली चिमूटभर हळद. (सत्त्व या शब्दानेही फसायला होतं. गुळवेलीचं सत्त्व म्हणून जी पांढरी पूड मिळते ती मुख्यतः तळाशी बसलेला स्टार्च असतो. नाव भारी असलं म्हणजे माल दाट असतोच असं नाही.)

हे कर्क्युमिन पेशीत जाऊन करतं काय? पेशीच्या आत दाहाचं मुख्य बटण आहे, एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधलं. हे बटण दाबलं गेलं की सायटोकाइन बनवण्याचे हुकूम सुटतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या मायक्रोग्लियावर कर्क्युमिन टाकलं की हे बटण मंदावतं. कोकमातलं गार्सिनॉल, आल्यातलं जिंजेरॉल, ग्रीन टीमधलं ईजीसीजी, यांच्याबद्दलही प्रयोगशाळेत असंच दिसलं आहे. दुसरं एक बटण आहे, एनआरएफ-टू. ते पेशीची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करतं. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे बटण दाबण्यात फार पटाईत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टलाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ते वेगळं काढलं.

मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटते ती गोष्ट पुढे आहे. ही रसायनं झाडाने आपल्यासाठी बनवलेलीच नाहीत. कीड, बुरशी, ऊन यांपासून स्वतःला वाचवायला झाडाने तयार केलेली ती हत्यारं आहेत. आपल्या पेशींना ती सौम्य विषासारखी बोचतात, आणि त्या बोचण्याने पेशी सावध होते. व्यायामाने स्नायूला थोडा त्रास होतो आणि म्हणूनच तो बळकट होतो, तसंच हे. मात्रा मोजकी हवी ती याचसाठी.

बशीतलं हे सगळं खरं आहे. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरसारखा आजार घडवून आणलेल्या उंदरांना कर्क्युमिन खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतला दाह आणि गुठळ्या दोन्ही कमी झाल्याचं आढळलं. 'मेंदूसाठी हळद' ही लाट उसळली त्यात या प्रयोगाचा मोठा हात आहे.

अडचण बशी आणि डोकं यांच्या मधल्या वाटेवर आहे. बशीत कर्क्युमिन थेट पेशीवर ओततात. काकांना ते गिळावं लागणार. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे बरंचसं आतड्यातून तसंच पुढे निघून जातं. जे थोडं शोषलं जातं त्याला आतड्याचं अस्तर आणि यकृत लगेच पकडतात, त्यावर साखरेसारखा एक तुकडा चिकटवतात आणि 'बाहेर काढा' असा शिक्का मारतात. रक्तात मोकळं कर्क्युमिन उरतं ते अगदी नगण्य. यावर १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी तोड काढली. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर माणसाच्या रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढलं. म्हणून आज बहुतेक कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घातलेला असतो. वीसपट ऐकायला मोठं वाटतं, पण मुळातला आकडाच शून्याला टेकलेला होता.

पायपरिन हे घडवतं कसं, ते काकूंसाठी त्याहून महत्त्वाचं होतं. ते यकृताचा शिक्का मारणारा हात अडकवून ठेवतं. आणि इतर औषधं हाताळणारे शरीराचे हातही ते असेच अडकवू शकतं. फिट्सचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलोल, यांचं रक्तातलं प्रमाण पायपरिनमुळे वाढतं, हे माणसांमध्ये पाहिलं गेलं आहे.

यातून पार झालेल्या कणापुढे शेवटचा दरवाजा येतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातलं ऐरंगैरं काही आत शिरत नाही. पॉल एर्लिख यांनी १८८५ च्या सुमाराला प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळं शरीर रंगलं आणि मेंदू कोरा राहिला. हाच तो रक्त-मेंदू पडदा. वनस्पतींमधली बरीच रसायनं इथूनच परत फिरतात.

मग सगळं फोल म्हणायचं का? तसंही नाही, कारण एक आडवाट आहे. डाळिंबाच्या रसातले मोठाले रेणू आतड्यात शोषले जात नाहीत, पण तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात, आणि ते रक्तात शिरतात. युरोलिथिनचा मेंदूतल्या दाहावर काय परिणाम होतो याचा अभ्यास जोरात चालू आहे. गंमत अशी की हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. एकाच घरात सोलापूरचं एकच डाळिंब दोघांनी वाटून खाल्लं, तर एकाच्या रक्तात युरोलिथिन दिसेल आणि दुसऱ्याच्या दिसणार नाही. कॅप्सूलच्या डबीवर हे कोणी छापत नाही.

आता माणसांवरचे प्रयोग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निर्णय याच पुराव्यावर करायचा असतो.

कर्क्युमिन. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अल्झायमरच्या ३६ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. घरच्या हळदीत मोजलं तर कमी मात्राही वीसेक चमच्यांच्या वर जाते. तरी फायदा दिसला नाही. २०१८ मध्ये वेगळं चित्र आलं. स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० प्रौढांपैकी सुमारे निम्म्यांना सहज शोषलं जाणारं कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दीड वर्ष दिलं, आणि त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचं आढळलं. ४० माणसं म्हणजे फार थोडी. हा प्रयोग आशा दाखवतो, पण त्यावरून काकांसारख्या माणसासाठी काही ठरवता येत नाही. आजार सुरू होण्याआधीची गोष्ट वेगळी आणि झाल्यानंतरची वेगळी.

द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल. २०१५ ची चाचणी, अल्झायमरचे ११९ रुग्ण, एक वर्ष. फायदा झाला असं ठामपणे म्हणता आलं नाही. उलट ज्यांना रेस्व्हेराट्रॉल दिलं त्यांच्या मेंदूचं आकारमान जास्त घटलं. ही घट सूज उतरल्याची की मेंदू झिजल्याचीच, यावर शास्त्रज्ञांमध्ये दुमत आहे. काकूंचा प्रश्न जसाच्या तसा तिथेही अडकला आहे.

गिंकोच्या पानांचा अर्क परदेशात स्मरणशक्तीसाठी सर्वाधिक खपणाऱ्यांपैकी. पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ लोकांपैकी सुमारे निम्म्यांना सहा वर्षं देऊन पाहिला. २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जरासुद्धा कमी झालं नव्हतं. कोकोच्या अर्काचं २०२२ मध्ये तेच झालं. २,२६२ ज्येष्ठ, तीन वर्षं, आकलनशक्तीत फरक नाही.

ब्राह्मीची गोष्ट थोडी बरी आहे. रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे घेतलेल्या निरोगी प्रौढांमध्ये शिकण्याच्या आणि आठवण्याच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली आहे. पोट बिघडण्याची तक्रारही बऱ्याच जणांनी केली. पण हे सगळं जलब्राह्मीबद्दल, म्हणजे पाणथळ जागी येणाऱ्या छोट्या मांसल पानांच्या वनस्पतीबद्दल. आपल्याकडे बाजारात ब्राह्मी म्हणून गोल पानांची मंडूकपर्णीही सर्रास विकतात. झाडं वेगळी, आतली रसायनं वेगळी. काकूंच्या डबीवर नुसतं 'ब्राह्मी' लिहिलं होतं.

"पण आपल्याकडे हळद खातात म्हणूनच हा आजार कमी आहे, असं वाचलंय मी," काकू म्हणाल्या. मीही वाचलंय. हे हरयाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासावरून पसरलं. १९९८ आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्झायमरचं प्रमाण खूप कमी दिसलं होतं. पण त्यात हळदीची तपासणी नव्हतीच. तिथल्या लोकांत धोका वाढवणाऱ्या एका जनुकाचं प्रमाण कमी होतं, आयुर्मानही कमी होतं. २०२३ मध्ये देशव्यापी पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही सगळी माणसं आयुष्यभर हळद खात आली आहेत.

हळदीच्या पेटंटचीही काकूंना आठवण झाली. त्या लढाईचा मला आजही अभिमान वाटतो. मुंबईत वाढलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. मात्र ते जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट होतं आणि ते ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं, हा मुद्दा आपण जिंकला. मेंदूशी त्याचा संबंध नव्हता.

झाडपाल्याचं आहे, अपाय तरी नाही ना, असं सगळेच म्हणतात. मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात नोंदली गेली आहेत, आणि सहज शोषलं जावं म्हणून मुद्दाम बनवलेल्या गोळ्यांबद्दल जास्त सावध राहायला सांगितलं गेलं आहे. एका विशिष्ट जनुकाची माणसं यात जास्त सापडतात. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी दिवसाला ८०० मिलिग्रॅमवर गेलं तर यकृताच्या चाचण्या बिघडतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. शोषण वाढवायचं तर धोकाही वाढतो. दार उघडं केलं की ते सगळ्यांसाठीच उघडं होतं.

काकांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे आणि ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. हळदीच्या दाट अर्कानेही रक्त गोठायला वेळ लागू शकतो. वर मिऱ्याचा अर्क. म्हणून पहिली आणि चौथी डबी मी त्याच क्षणी बाजूला काढली. डबीच्या मागे बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं सापडलं. नियमाप्रमाणे ते छापावंच लागतं. काकूंनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे स्वयंपाकातली हळदही बंद करू?" मुळीच नाही. उलट स्वयंपाकघरात फार शहाणपणाच्या गोष्टी आपोआप घडत असतात. कर्क्युमिन तेलात विरघळतं, आणि आपण हळद फोडणीत घालतो. म्हैसूरच्या अन्न-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हळद शिजवून मोजली, तेव्हा २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन नष्ट झालं, कुकरमध्ये सर्वांत जास्त. चिंच घातली तर मात्र नाश १२ ते ३० टक्क्यांवर आला. चिंचेच्या आमटीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. आलं वाळवून सुंठ केली की त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं, आणि दाहावरच्या प्रयोगांत ते जास्त जोरकस ठरतं. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो तो मायरोसिनेज या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कामाचा. शिजवलेल्या ब्रोकोलीतलं हे विकर मेलेलं असतं. वरून मोहरीची कच्ची पूड भुरभुरली की सल्फोराफेन पुन्हा तयार होऊ लागतं. कोकम, जांभूळ, आवळा, जवसाची चटणी, ताज्या भाज्या या सगळ्यांत अशी शेकडो रसायनं थोडी थोडी असतात, आणि ती रोज, अन्नासोबत, पचेल एवढ्या मात्रेत जातात.

हळद तेवढी पारखून घ्या. रंग खुलवायला काही ठिकाणी तिच्यात लेड क्रोमेट हे शिसं असलेलं पिवळं रसायन मिसळतात. बांगलादेशात २०१९ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं, आणि भारतातही काही शहरांतल्या नमुन्यांत शिसं सापडलं आहे. शिसं हे मेंदूचं विष. ज्याच्या रक्षणासाठी हळद खायची त्यालाच ते पोखरतं. मी स्वतः अख्खी हळकुंडं आणते आणि मसाल्याच्या कांडपात समोर उभी राहून दळून घेते. हळकुंड फार झगझगीत पिवळं दिसलं, हाताला रंग लागला, की घेत नाही.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, २०१५ मध्ये निकाल आला. त्यात गोळी नव्हती. चांगलं जेवण, व्यायाम, बुद्धीला चालना, रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे सगळं एकत्र. आकलनशक्ती टिकली. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली, जगातला ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडलेला आहे म्हणून. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, प्रदूषित हवा, एकटेपणा, आणि त्यातलं एक मोठं कारण म्हणजे कमी ऐकू येणं आणि त्यावर काही न करणं.

इथे काकू थबकल्या. "ह्यांना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. टीव्ही किती मोठा लावतात, तुला वर ऐकू येत असेल. फोनवर बोलणंच सोडलंय. लोकांत बसत नाहीत."

रस्ता चुकणं म्हणजे अल्झायमरच, असंही आत्ताच धरून चालू नये. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, मन खचलं, तरी माणूस असाच गोंधळतो, आणि यांवर साधे उपचार आहेत. काका शाकाहारी, शिवाय मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात. या दोन्हींनी बी-१२ घटतं. आजवर कोणी ते तपासलेलं नव्हतं.

आम्ही एका कागदावर यादी केली. रक्ताची तपासणी, कानांची तपासणी, चेताविकारतज्ज्ञांची वेळ. चारही डब्यांचे मागच्या बाजूचे फोटो काढून ठेवले, डॉक्टरांना दाखवायला. काका सध्या काय काय घेतात हे त्यांना सगळं कळायला हवं, ब्राह्मीसुद्धा.

निघताना काकूंनी विचारलं, "रात्रीचं हळदीचं दूध तरी देऊ का? त्यांना आवडतं."

"द्या की. साखर किती घालता?"

"दोन चमचे."

"ती तेवढी काढा."

कानांच्या तपासणीची वेळ गुरुवारी साडेदहाची मिळाली आहे. काकांनी आधी नको म्हटलं, मग म्हणाले, बरोबर कुणी येणार असेल तर जाऊ. मी जाणार आहे.